फोटोत धावत येणाऱ्या अक्का

यमुनाअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंगळूरला महादेवपुऱ्याच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या चुका काढत होते. तीच माझी नोकरी आहे. सॉफ्टवेअर लोकांच्या हाती पडण्याआधी ते कुठे कुठे बिघडतं हे शोधायचं आणि ज्यांनी ते बनवलं त्यांचे शिव्याशाप खायचे. फोन नवऱ्याचा, मंजूचा होता. "अक्का गेली गं... दुपारी जेवून जरा आडवी झाली, ती उठलीच नाही," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. अक्का म्हणजे त्याची सख्खी आत्या, माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. सासरे तिला अक्का म्हणत, म्हणून मंजूही अक्का म्हणायचा, आणि मग सुना, जावई, नातवंडं, दूधवाला, सगळ्यांच्याच त्या अक्का झाल्या. मी टॅक्सीत बसले आणि डोळे पुसत असतानाच मंजूचा पुन्हा फोन आला. पेपरात छोटी बातमी द्यायची होती आणि अक्कांचा एक चांगला, नीट समोर बघणारा फोटो पाहिजे, असं अप्पांचं, म्हणजे सासऱ्यांचं, म्हणणं होतं. मी फोनमधले फोटो उघडले. फोटो ढीगभर होते, पण एकाही फोटोत अक्का एका जागी उभ्या नव्हत्या. एकात नुसता पदर उडतोय, एकात एक पाय हवेत, एकात अर्धा चेहरा आणि तोही हलल्यामुळे पुसट... आणि बाजूला उभे असलेले आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे न बघता अक्कांकडे बघून खिदळतोय. रडता रडता मला हसू फुटलं. टॅक्सीवाला आरशातून माझ्याकडे जरा काळजीनेच बघत राहिला.

या फोटोंची गोष्ट सांगायची तर एका ट्रायपॉडची गोष्ट सांगावी लागेल. मंजूचं घराणं काही शतकांपूर्वी कधीतरी मुलूख सोडून इकडे आलं आणि बंगळूरचंच होऊन गेलं. मी पुण्याची, नोकरीसाठी आले आणि लग्न करून इथे रुजले. आमच्या मराठीत सुरुवातीला बरीच झटापट व्हायची. "स्वल्प मीठ घाल" असं अक्का म्हणाल्या की मला वाटायचं या संस्कृतात स्वयंपाक करतात. अक्का सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. लग्न केलं नाही, त्याचं कारण कोणी विचारलं तर "वेळ झाला नाही गं" म्हणून मोकळ्या व्हायच्या. चामराजपेटेत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि त्यांचा आठवडा आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त भरलेला असायचा. घराण्यात पहिला कॅमेरा त्यांनी घेतला, स्वतःच्या पगारातून, त्या काळी. आणि तिथेच घोटाळा झाला. ज्याच्याकडे कॅमेरा, त्याने फोटो काढायचे, हे कोणी न ठरवताच ठरून गेलं. मुंज असो, डोहाळजेवण असो, लालबागेतली सहल असो, सगळे ओळीने उभे राहायचे आणि कोणीतरी हाक द्यायचं, "अक्का, काढ गं!" अक्का एक डोळा मिटून फोटो काढायच्या. मग पंगत बसायची.

अप्पांच्या साठीशांतीला मंजूने जुने फोटो जोडून मोठ्या पडद्यावर दाखवायचा बेत केला. हॉलमधे अंधार करून आम्ही सगळे बघत होतो. अप्पा अर्ध्या चड्डीत, अप्पा वरातीत, मंजू पाळण्यात, कोणाच्या मिशा, कोणाचे बेलबॉटम... हसून हसून पोट दुखलं. दिवे लागले तेव्हा अक्का शांतपणे म्हणाल्या, "छान झालं रे. पण यात मी कुठाय?" मंजू म्हणाला, "अक्का, हे सगळे तूच काढलेस की!" पुन्हा हशा झाला, त्यात अक्काही हसल्या. मग त्यांनी त्याला लालबागेतला एक फोटो परत लावायला सांगितला. फोटोत अप्पा आणि त्यांची चुलत भावंडं गवतावर बसलेली, आणि पुढे गवतावर एक लांबलचक सावली पडलेली, दोन्ही कोपरं बाहेर काढून काहीतरी डोळ्याला लावलेल्या बाईची. अक्का उठून पडद्याजवळ गेल्या, सावलीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही मी." मग त्या आमच्याकडे वळल्या. म्हणाल्या, "मला आता फोटोत यायचंय. सगळ्यांबरोबर. बस झालं बाहेर राहणं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, कुरबूर नव्हती. बाजारातून भाजी आणायचीय, इतक्या सरळ सुरात त्यांनी ते सांगितलं.

मंजू म्हणाला, "आता फोनवर सेल्फी काढू की!" अक्कांनी ते उडवूनच लावलं. त्यांच्या मते सेल्फीत ज्याचा हात लांब त्याचंच डोकं मोठं येतं आणि मागच्या ओळीतल्यांचं कपाळच दिसतं. शिवाय त्यांच्याकडे निवृत्तीच्या वेळी कचेरीतल्या लोकांनी दिलेला छोटा डिजिटल कॅमेरा होता, आणि त्याला टायमर होता. त्यांना हवा होता तो कॅमेरा ठेवायला स्टँड. मी लगेच माझं शहाणपण पाजळलं. "अक्का, कशाला दुकानं हिंडायची? मी मागवते," म्हणून ऑनलाइन एक भला उंच ट्रायपॉड मागवला. दिसायला देखणा, वजनाला काडी. गणपतीच्या जेवणाला आमच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटमधे त्याचं उद्घाटन झालं. मी त्याचे पाय पूर्ण उंच केले, मधला दांडाही टोकापर्यंत वर ओढला आणि सतरंजीवरच उभा केला. अक्कांनी बटण दाबलं, पदर सावरत निघाल्या, आणि त्यांच्या मागे तो ट्रायपॉड अगदी सावकाश, देवाला नमस्कार घालावा तसा वाकत वाकत खाली आला. आम्ही सगळे "अगं, अगं, धर!" करत झेपावलो. कॅमेरा निसटून उताणा झाला आणि खिरीच्या पातेल्यात पडता पडता वाचला. फोटो मात्र निघाला. त्यात आमच्या घराचा पंखा होता, खालून वर आलेले सगळ्यांचे हात होते, आणि एका कोपऱ्यात हिरव्या बांगड्यांचं एक मनगट. अक्का खूश. "सरी! हात तरी आला," म्हणाल्या. सरी म्हणजे कन्नडमधे ठीक. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. चुका काढणाऱ्या बाईनेच न तपासता वस्तू आणली, हे मंजूने येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं.

मग आम्ही दोघी दुसरा स्टँड घ्यायला शिवाजीनगरला गेलो, पुण्याच्या नव्हे, इथल्याच. एका दिवसात काम उरकेल अशी माझी समजूत होती, ती पहिल्याच दुकानात गळून पडली. अक्कांनी रात्रभर विचार करून मनाशी सगळं पक्कं केलेलं होतं. "एकच स्टँड घेणार, पण तो सगळीकडे चालला पाहिजे," त्या दुकानदाराला कन्नडमधे आणि मला मराठीत सांगत होत्या. "गच्चीवर उतार आहे, तिथे उभा राहिला पाहिजे. देवळाच्या पायऱ्यांवर राहिला पाहिजे. हिच्या घरच्या त्या घसरड्या फरशीवरसुद्धा. रांगत्या पोराएवढा बुटका झाला पाहिजे आणि मांडवात सगळ्यांच्या डोक्यावरून बघता आलं पाहिजे. मिटला की माझ्या पिशवीत मावून बसमधे मांडीवर बसला पाहिजे. आणि पोरांचा धक्का लागला तर पडायचा नाही." दुकानदार म्हणाला, "अम्मा, असं सगळं एकात नाही मिळत." अक्का म्हणाल्या, "मिळेल. स्वल्प हुडकायला लागेल, एवढंच." आणि आम्ही पुढच्या दुकानात.

त्यांची तपासायची पद्धत बघण्यासारखी होती. आधी पायाला टिचकी मारायच्या, माठ घेताना मारतात तशी. मग प्रत्येक पाय वेगवेगळ्या कोनात पसरून बघायच्या, कारण उतारावर तिन्ही पाय सारखे ठेवून भागत नाही हे त्यांनी गच्चीवर स्टूल मांडून ताडलं होतं. पाय लांब करायची कुलपं दोन तऱ्हांची असतात, पिळायची आणि खटक्याची. आयुष्यभर टाइपरायटर बडवून त्यांची बोटं दुखायची, म्हणून पिळायची बाद. मधला दांडा शेवटी आणि थोडासाच वर करायचा, आधी जाड पाय उघडायचे, हे तर आमच्या खिरीच्या पातेल्याने शिकवलेलंच होतं. सगळ्यात हलका आणि महागडा कार्बनचा ट्रायपॉड त्यांनी उचलून बघितला आणि "हा तर वाऱ्याबरोबर जाईल" म्हणून ठेवून दिला. चांगल्या ट्रायपॉडला मधल्या दांड्याखाली एक आकडा असतो. त्याला अक्का आपली पिशवी अडकवायच्या, पाण्याची बाटली, छत्री, डबा सगळ्यासकट, आणि मग डोलतो का बघायच्या. मी मनातल्या मनात म्हटलं, या बाई माझ्या टीममधे असत्या तर आमच्या कंपनीने एकही गोष्ट वेळेवर बाजारात आणली नसती.

पण खरी परीक्षा याच्यानंतर व्हायची. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवायचा, टायमर लावायचा आणि गल्ल्याला वळसा घालून दुकानदाराच्या शेजारी जाऊन उभं राहायचं! पहिल्या दुकानात मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदार गोंधळला, गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली, आणि अक्का लगबगीने येऊन त्यांच्यात उभ्या. म्हणजे शिवाजीनगरातल्या अनेक दुकानदारांबरोबर अक्कांचे फोटो आहेत, एकाहून एक चक्रावलेले चेहरे. मी चिडून म्हटलं, "अक्का, हे घरी करून बघता येईल ना!" तर म्हणाल्या, "घरी नेल्यावर कळून काय उपयोग? मला पोचता यायला हवं गं." मला ते पटलं नाही, पण वाद घालण्यात अर्थ नव्हता.

शेवटी एका गल्लीतल्या जुन्या दुकानात हवा तो सापडला. काळा, अॅल्युमिनियमचा, ना जड ना हलका, खटक्याच्या कुलपांचा. प्रत्येक पाय वेगळा पसरायचा आणि मधला दांडा काढून आडवाही लावता यायचा, म्हणजे कॅमेरा थेट खाली बघायचा. अक्कांनी पिशवी अडकवली, टिचकी मारली, फोटोही काढला. म्हातारा दुकानदार त्यांच्या उत्साहावर इतका खूश झाला की म्हणाला, "अम्मा, ये छोटा रिमोट भी लेव. जगह पे खड़े रहके बटन दबाना, बस. दौड़ने का नक्को." मी म्हटलं, देवच पावला. अक्का म्हणाल्या, "नक्को. हातात रिमोट घेतलेली बाई फोटोत वाईट दिसते." त्याने आग्रह केला, मीही केला. त्यांनी तो गल्ल्यावर परत सरकवला. पुढे मंजूने एकदा वाढदिवसाला रिमोट आणून दिला, तर तो पाकिटातून बाहेरसुद्धा आला नाही. मी टायमर जास्त वेळाचा लावून देते म्हटलं, तर "आहे तो सरी आहे" म्हणाल्या. हट्टी बाई, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

त्यानंतरची वर्षं नुसती मजेची होती. अक्का येणार म्हणजे पिशवीतून ट्रायपॉड येणार. जेवणं झाली की त्या तो मांडायच्या, आम्हाला उभं करायच्या, उंच माणसं मागे, पोरं पुढे, आणि स्वतःसाठी उजवीकडे जागा ठेवायला लावायच्या. मग बटण दाबायचं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकायला लागायचा. आणि अक्का तिथेच काहीतरी खुटखुट करत राहायच्या. कॅमेऱ्याची पट्टी बघ, पदर खोच, चष्मा सरळ कर... आम्ही ओरडायला लागायचो, "अक्का, ये! अगं ये लवकर! निघाला फोटो!" अप्पा तर हात पुढे करून उभे राहायचे, जणू गाडी सुटतेय आणि बहीण फलाटावर आहे. मग अक्का हसत हसत पळत सुटायच्या, आणि अगदी पोचता पोचता खटकन आवाज यायचा. दरवेळी हेच. दरवेळी फोटो बिघडायचा. पुन्हा काढला तरी तसाच. एकदा एका भाचीच्या लग्नात त्यांनी भाड्याच्या फोटोग्राफरलाच ओळीत ओढलं. तो म्हणाला, "अम्मा, मी फोटो काढतो, फोटोत नाही येत." अक्कांनी त्याला विचारलं, "तुमच्या आईकडे तुमचा लग्नाच्या कपड्यांतला एक तरी फोटो आहे?" तो बिचारा लाजला, शर्ट खोचला आणि नवरीमुलीच्या मागे येऊन उभा राहिला. नंतर फोटो पाठवा म्हणून स्वतःहून आपला नंबर देऊन गेला. कॅमेऱ्यामागे कोणी राहायचं नाही, हा आमच्या घरचा कायदाच झाला.

शेवटची भेट आमच्या घरीच झाली. मी पहिल्यांदाच चिरोटे केले होते आणि ताटात येईपर्यंत त्यांचा चुरा झाला होता. अक्कांनी मधला दांडा आडवा लावून वरून त्या चुऱ्याचा फोटो काढला, मग दोन वाट्या चुरा खाल्ला. "फोटोत काय कळतंय? चव तर बेष्ट आहे," म्हणाल्या. पुढच्या रविवारी यायचंच आहे म्हणून ट्रायपॉड आमच्याकडेच ठेवून गेल्या. लिफ्टमधून हात हलवला... त्यातही घाईच.

पेपरात शेवटी कचेरीच्या ओळखपत्रावरचा फोटो गेला. त्यातली बाई अक्का आहेत हे आम्हाला एकमेकांना सांगावं लागलं. घरात ठेवायच्या फोटोसाठी अप्पा आणि मी बरेच हटून बसलो. हार घालायच्या फोटोत माणूस शांत बसलेला हवा, असं ते म्हणत होते. मी त्यांच्यापुढे फोन धरला आणि एकेक फोटो सरकवत गेले. अप्पा एका फोटोवर थांबले. अक्कांचा पाय हवेत, तोंड उघडं, आणि हात पुढे करून हसणारे अप्पा त्यांच्याकडे बघतायत. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. मग म्हणाले, "हाच लाव. ही माझी अक्का." दिवसांना आलेली माणसं गंभीर चेहऱ्याने फुलं वाहायला वाकायची आणि हसत उठायची.

मागच्या आठवड्यात मंजूच्या चुलतबहिणीच्या मुलीचं बारसं झालं. अक्का गेल्यानंतरचं घरातलं पहिलंच कार्य. जेवणं उरकली आणि सगळे सवयीने ओळीत उभे राहिले. ट्रायपॉड आमच्या घरी होता, म्हणून मीच तो घेऊन गेले होते, कॅमेराही अप्पांनी माझ्याच हाती दिला. मंजू म्हणाला, "आता तूच लाव." मी पाय पसरले, आकड्याला माझी पर्स अडकवली, बटण दाबलं आणि जीव खाऊन पळाले. जाऊन जागेवर उभी राहिले. पदर सारखा केला. बाळाचं टोपडं डोळ्यावर आलं होतं, ते वर सरकवलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "निघाला का?" तर नव्हता. समोर लाल दिवा अजून आरामात लुकलुकत होता. आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे बघत ताठ उभे, आणि वेळ संपता संपेना. मग खटकन आवाज आला. फोटो उत्तम आला, सगळ्यांचे डोळे उघडे, सगळे समोर बघतायत. मी कॅमेऱ्यातला तो फोटो बघत उभी राहिले आणि मला एकदम कळलं. एवढ्या वेळात अक्का दोनदा येऊन बसल्या असत्या. आमच्यापेक्षा त्यांच्या अंगात दुप्पट चपळाई होती. त्या मुद्दाम थांबायच्या. सगळ्या घराने आपल्याकडे तोंड करावं, आपलं नाव घेऊन ओरडावं, आपल्यावाचून फोटो अडावा... एवढ्यासाठी.

मी कोणाला काही सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "अजून एक काढू." बटण दाबलं आणि तिथेच रेंगाळले. पट्टी बघितली, पदर खोचला, उगीच चष्मा पुसला. दिवा भराभर लुकलुकायला लागला. आधी मंजू ओरडला, मग पोरं, मग अप्पा हात पुढे करून, "ये गं पोरी, ये ये! निघाला फोटो!" सगळं घर माझ्याकडे बघून हाका मारत होतं. मी आणखी क्षणभर तिथेच उभी राहिले. फार बरं वाटत होतं.